थोरली खाली येण्याआधी

"बाई, मला इंग्लिश नकोय," आत्माराम घाग पहिल्याच दिवशी म्हणाले. "मला फक्त सोमवारच्या मीटिंगपुरतं द्या."

मला अशा माणसांचा राग येतो. भाषा म्हणजे काय कोथिंबीर आहे, भाजीवर थोडी मागून घ्यायला? फोर्टमधल्या एका विमा कंपनीत साहेबांची सेक्रेटरी म्हणून मी जन्म काढला. गिरगावातली खोली विकून हाटकेशला फ्लॅट घेतला आणि निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या ऑफिसात संध्याकाळी वर्ग सुरू केला. पाटीवर लिहिलंय ‘बिझनेस इंग्लिश’. खाली लहान अक्षरांत माझं नाव, वासंती गोरे. येतात ती बहुतेक नोकरी बदलायला निघालेली पोरं-पोरी. पन्नाशी उलटलेला, नखांत पॉलिशचा काळपटपणा बसलेला माणूस माझ्याकडे तोपर्यंत आला नव्हता.

मी म्हटलं, "बसा आणि नाव लिहा." त्यांनी पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरलं. उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. मी बघितलं हे त्यांनी बघितलं, आणि मराठीत नाव लिहून वही माझ्याकडे सरकवली.

आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत कारखान्यांचे गाळे आहेत. त्यातल्या एका गाळ्यात स्टीलचे डबे होत. पत्र्याची गोल चकती प्रेसखाली ठेवायची, वरून साचा खाली येतो, आणि चकतीचा डबा होतो. आत्मारामराव तिथले सुपरवायझर. संगमेश्वराकडून मामाचं बोट धरून मुंबईला आले, तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. आधी झाडू, मग पॉलिश, मग प्रेस. गाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या प्रेसला सगळे थोरली म्हणत. घरातल्या मोठ्या जावेला मान द्यावा तसा तिला मान होता, आणि तिची भीतीही तशीच होती.

त्यांचं बोट थोरलीनेच घेतलं. चकती ठेवणारे हे आणि दांडा ओढणारा दुसरा. दुसऱ्याला वाटलं, हात निघाला. पट्टी सुटल्यावर ते मालकांसमोर उभे राहिले. मालक गुणवंतभाई, धोतर नेसणारा, कामगारांच्या पंगतीत बसून जेवणारा माणूस. आत्मारामराव त्यांना म्हणाले, "शेठ, आजपासून हाक दिल्याशिवाय थोरली खाली येणार नाही." गुणवंतभाईंनी मान डोलावली आणि गाळ्याची रीत पडली. दांड्यावरच्याने विचारायचं, "हात?" चकतीवरच्याने सांगायचं, "बाहेर!" मगच दांडा ओढायचा. उत्तर आलं नाही तर थांबायचं, माल कितीही खोळंबला तरी.

दिवसभर ती हाक आमच्या बाल्कन्यांपर्यंत येई. नव्या टॉवरमधल्या लोकांनी आवाजाच्या तक्रारी केल्या, पण त्यांच्याच मुलांनी खाली पार्किंगमध्ये तिचा खेळ केला. एकाने ओरडायचं "हात?", सगळ्यांनी हात मागे घेऊन ओरडायचं "बाहेर!" ज्याचा हात पुढे राहिला त्याच्यावर राज्य. त्यानंतर त्या गाळ्यात कुणाचं बोट गेलं नाही.

गुणवंतभाई थकले आणि कारभार मुलाकडे, निहारकडे आला. निहार मॅनेजमेंट शिकून आलेला, स्वभावाने सभ्य. कुणाला अरेतुरे नाही, कुणावर आवाज चढवणं नाही. फक्त दर सोमवारी सकाळी फोनवर रिव्ह्यू मीटिंग असे आणि ती इंग्रजीत. उंबरगावचा एक इंजिनियर, हिशेबनीस आणि आत्मारामराव. "स्टेटस?" म्हटलं की बाकीचे घडाघडा बोलत, हे "यस सर" म्हणून गप्प बसत.

"यस सर म्हटलं की पुढचं काम अंगावर पडतं," ते म्हणाले, "आणि काय पडलं ते मंगळवारी दुसऱ्याकडून कळतं."

तेव्हा माझा राग थोडा निवला. त्यांना फेज, टार्गेट, ऑन ट्रॅक, डिले, फॉलो-अप अशा शब्दांपासून सुरुवात करून दिली. माइलस्टोन म्हणजे मैलाचा दगड सांगितल्यावर म्हणाले, "हां, गोवा हायवेवरचे. ते मोजत गेलं की गाव जवळ येतं." कन्टिन्जन्सी प्लान मात्र जिभेवर येईना. शेवटी त्यांनी वहीत लिहिलं, ‘मध्ये काही आडवं आलं तर’. मी खोडलं नाही, कारण त्याहून बरा अर्थ मला सुचत नव्हता. घरी त्यांची बायको मंदाताई भाकऱ्या थापताना त्यांची उजळणी घेई. तिला इंग्रजी येत नसे, पण नवरा अडखळला की तिला बरोबर कळे.

एका सोमवारी ते मीटिंगमध्ये बोलले. "फेज वन इज ऑन ट्रॅक, सर. ओल्ड डाइज आर पॅक्ड." निहारने सगळ्यांसमोर "व्हेरी गुड" म्हटलं. संध्याकाळी वर्गात पेढे आले. नातू झाल्यासारखे ते सगळ्यांना वाटत होते. मी म्हटलं, "अहो, एक वाक्य बोललात, बॅरिस्टर नाही झालात." पण पेढा घेतला आणि मला बरंही वाटलं.

प्लान असा की मुंबईपासून दूर, उंबरगावला नवा कारखाना उघडायचा. आधी जुने साचे तेल लावून तिकडे पाठवायचे, मग पॉलिशच्या काही मोटारी. आत्मारामरावांना वाटलं, धंदा वाढतोय, आता एकाचे दोन कारखाने होणार. गाळ्यातल्या सगळ्यांना तसंच वाटलं.

थोरलीवर चकती ठेवणारा शिवा त्यांच्या हाताखाली तयार झालेला; तिचा दांडा सुपरवायझर झाल्यावरही तेच ओढत. म्हसळ्याकडचा. बायको आणि मुलगी समिधा गावी, हा इथे चौघांत खोली करून राहणारा. त्याने एकदा जेवताना विचारलं, "काका, दिवाळीनंतर बायको-पोरीला आणू का? समिधाला इथल्या शाळेत घालतो. इथे जवळच, खारीत एक खोली बघितलीय."

आत्मारामराव म्हणाले, "आण की! थोरली काय पळून जातेय?"

हे वाक्य त्यांनी मला पुढे इतक्या वेळा सांगितलं, की ते मी स्वतः तिथे ऐकलं नव्हतं हे विसरायला झालं.

गणपतीला गावी जाऊन ते परत आले. त्यानंतरच्या सोमवारी वर्ग नव्हता, तरी संध्याकाळी माझ्या दारात उभे होते. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"बाई, वाइंड डाउन म्हणजे?"

"गुंडाळणं. चालू काम हळूहळू बंद करत आणणं. कुणी म्हटलं?"

"म्हणजे मी बरोबर समजलो," ते म्हणाले. मग दाराची चौकट धरून त्यांनी मला ते सांगितलं. हाटकेशचा गाळा दिवाळीपर्यंत वाइंड डाउन. दिवाळीच्या सुट्टीत सगळे गावी गेले की थोरली आणि बाकीची मशीन उंबरगावला हलवायची. शेवटची फेज म्हणजे फेज फोर. त्यात ‘वर्कर्स टु बी इन्फॉर्म्ड’. म्हणजे लोक सुट्टी संपवून येणार, शटरला कुलूप बघणार, आणि तेव्हा त्यांना कळणार.

"चार महिन्यांपूर्वी मी यस सर म्हणून फोन ठेवला असता," ते म्हणाले. "आता समजतं."

मीटिंगनंतर निहारने त्यांना वेगळा फोन केला होता. हिंदीत, आपुलकीने. "आत्मारामभाई, आप तो हमारे साथ चलोगे। वहाँ सुपरवायझर, रहने को क्वार्टर भी। बस, बाकी किसीको अभी मत बोलना। बोलोगे तो काम रुक जायेगा।" निहारचंही काही खोटं नव्हतं. गाळ्याचं भाडं चढत होतं, टॉवरवाले पालिकेत अर्ज करत होते, आणि कळलं की लोक हात आखडतात असा त्याचा अनुभव होता. पण आत्मारामरावांपुढे आता सरळ प्रश्न होता. तोंड मिटलं तर म्हातारपणाची सोय होत होती. उघडलं तर ती जाणार होती. अर्ध्या बोटाच्या, पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण ठेवून घेणार?

मी त्यांना काही सल्ला दिला नाही. मला येत नव्हता.

ते काम करत राहिले आणि सोमवारी बोलत राहिले. "फेज टू इज कम्प्लीट." "फेज थ्री इज ऑन ट्रॅक." उच्चार सुधारत होते आणि माणूस वाळत होता. शिवाने मुलीचा शाळेचा दाखला काढायला गावी निरोप धाडला, हेही त्यांनी मला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत ते त्याच्यापासून लांब बसू लागले. मंदाताईने क्वार्टरला तुळस ठेवायला जागा आहे का, एवढं एकदा विचारलं होतं. मग एका सकाळी डबा हातात देताना ती म्हणाली, "जायचं तर जाऊ, नाही तर नको. पण शिवाला ‘आण’ म्हणालेलं तोंड तुमचंच आहे. ते तुम्ही बघा."

त्याच आठवड्यात माझ्या वर्गाचा धडा आला तो जबाबदाऱ्या वाटून देण्याचा. कुठल्याही प्लानला चार प्रश्न विचारायचे असतात. काम कोण करणार, जाब कोण देणार, सल्ला कुणाचा घ्यायचा, आणि कळवायचं कुणाला. मी फळ्यावर चार रकाने काढले. वर्षानुवर्षं काढत आलेय, हात आपोआप चालतो.

मागच्या बाकावरून आत्मारामरावांनी हात वर केला. "बाई, आणि ज्याच्या डोक्यावर तो प्लान येणार, तो माणूस कुठल्या रकान्यात?"

"चौथ्या. इन्फॉर्म्ड."

"त्याला कधी कळवायचं?"

वर्ग सरळ ऐकत होता. ते काय विचारताहेत हे एकट्या मला ठाऊक होतं. ‘कंपनीच्या धोरणाप्रमाणे’ म्हणून मी सुटले असते. साहेबांसाठी तसली उत्तरं मी आयुष्यभर टाइप केली होती. पण ते माझ्याकडे असे बघत होते की मला लबाडी करवेना.

"त्याला काही करता येईल एवढा वेळ हातात असताना," मी म्हटलं. "नंतर सांगितलं तर त्याला कळवणं म्हणत नाहीत."

त्यांनी ते लिहून घेतलं. वर्ग सुटल्यावर खुर्च्या लावताना विचारलं, "बाई, काम ठरल्याच्या आधीच झालं, तर काय म्हणायचं?"

"अहेड ऑफ शेड्युल."

त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं, आणि जाताना मला खंडेनवमीला गाळ्यात यायचं आमंत्रण दिलं.

खंडेनवमीला मशीन चालत नाही. आदल्या दिवशी सगळी पुसून, तेल देऊन ठेवतात. मी गेले तेव्हा गाळा ओळखू येत नव्हता. पाने, हातोडे, कानशी पाटावर ओळीने मांडलेल्या. थोरलीला झेंडूचा मोठा हार, कपाळावर असावं तसं कुंकू. मंदाताई शिऱ्याचं पातेलं घेऊन बसली होती. गुणवंतभाई आले असते तर नारळ त्यांनी फोडला असता. निहारने मिठाईचे बॉक्स पाठवले होते, स्वतः आला नव्हता.

पूजेआधी आत्मारामराव बाहेर जाऊन फोनवर बोलून आले. मी दारातच होते, ऐकू आलं. "सर, आज मैं लोगों को बोलनेवाला हूँ। आपको पहले बता रहा हूँ।" पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. हे "समझता हूँ सर, वो भी समझता हूँ" म्हणाले आणि फोन खिशात टाकला. मला म्हणाले, "त्यांना पण हाक द्यायला पाहिजे ना."

आरती झाली. नारळ त्यांनीच फोडला. खोबरं वाटायला घेतलं आणि हात थांबला.

"सणाच्या दिवशी असलं बोलू नये, मला कळतंय," ते म्हणाले. "पण आज सगळे आहात आणि मशीन बंद आहे. थोरली दिवाळीत उंबरगावला जातेय. हा गाळा बंद होतोय. सुट्टीवरून परत याल तेव्हा इथे कुलूप असेल. दुसरीकडे बघायला आत्तापासून लागा. काय मागायचंय ते मालकाकडे आत्ताच, सगळे मिळून मागा."

मग शिवा पुढे झाला.

"तुम्हाला कधीपासून माहीत हाय?"

"गणपतीनंतर."

"मी खोली बघितली तेव्हा?"

"तेव्हा नव्हतं. दाखल्याचा निरोप धाडलास तेव्हा होतं."

"आणि रोज माझ्यासमोर उभं राहून हाक देत होता तुम्ही!" शिवाचा आवाज फाटला. "मग आज तरी कशाला सांगताय?"

आत्मारामराव थोरलीकडे बघत होते. म्हणाले, "अजून हात आत आहेत तुझे. म्हणून."

शिवा प्रसाद न घेता निघून गेला. त्याच्यामागून आणखी दोघे गेले. मंदाताई शिऱ्यावर झाकण ठेवून बसून राहिली. मला तिथे उभं राहवेना आणि निघवेनाही. शाबासकी देण्यासारखं काही घडलं नव्हतं. एका माणसाने उशिरा, पण वेळ उरलेला असताना, खरं सांगितलं होतं, आणि समोरच्यांची पोटं आणि घरं त्या खऱ्यामुळे हलली होती.

त्यानंतरच्या सोमवारचं त्यांनी मला सांगितलं ते असं. निहारने नेहमीसारखं विचारलं, "स्टेटस?" आत्मारामराव उभे राहिले. फोनवर कुणी बघत नसतं, तरी उभे राहिले.

"फेज थ्री इज ऑन ट्रॅक, सर. फेज फोर इज कम्प्लीट. अहेड ऑफ शेड्युल. ऑल वर्कर्स आर इन्फॉर्म्ड."

मग निहार हिंदीत म्हणाला, "आत्मारामभाई, आपने अपना ही नुकसान किया।"

"यस सर," हे म्हणाले. या वेळी समजून म्हणाले.

उंबरगावची जागा दुसऱ्याला गेली. निहारने तसं स्वतः येऊन सांगितलं, एवढी सभ्यता त्याने पाळली. लोकांनी हात आखडले नाहीत. एकत्र बसून निहारशी बोलले, दोनदा भांडले, आणि ज्याचं जे निघत होतं ते घेऊन दिवाळीच्या आधी बहुतेक जण आजूबाजूच्या गाळ्यांत लागले. दोघे गावी गेले ते गेलेच. शिवाने खारीची खोली घेतली नाही आणि समिधाचा दाखला तिच्या शाळेतच राहिला. तो भाईंदरला एका प्रेसवर लागल्याचं कळलं, पण आत्मारामरावांशी बोलत नव्हता. ते कधी तक्रार करत नसत. मी एकदा म्हटलं, "समजेल त्याला," तर म्हणाले, "त्याला समजलंच आहे बाई. म्हणूनच बोलत नाही."

मशीन हलवायचं काम त्यांनी सोडलं नाही. मी चिडले. म्हटलं, "आता कशाला मरताय त्यांच्यासाठी?" म्हणाले, "थोरली नीट उचलली नाही तर कुणाच्या तरी अंगावर जाईल. त्या क्रेनवाल्यांना तिचं वजन माहीत नाही."

दिवाळीच्या सुट्टीत, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या सकाळी, क्रेन गल्लीत शिरली. मी खाली गेले. गाळ्यात ते एकटेच असतील म्हणून चहाचा थर्मास घेतला होता. गल्लीत वळले तर तिथे गाळ्यातले जवळजवळ सगळेच उभे. कुणी बोलावलं नव्हतं. नव्या कामावरून सुट्टी काढून, धुतलेले शर्ट घालून आले होते. शिवा सगळ्यांच्या मागे, विजेच्या खांबाला टेकून.

खाली चाकं लावून, साखळ्या बांधून थोरली दारापर्यंत आणली. क्रेनने तिला उचललं. इतकी वर्षं जमिनीत रुतलेलं ते धूड हवेत हललं, तेव्हा कुंकवाचा टिळा अजून तिच्यावर होता. ट्रेलरवर लाकडं टाकलेली. ती सरळ करायला दोन माणसं वाकली होती. क्रेनवाल्याने वरून विचारलं, "उतारूँ क्या?"

आत्मारामरावांनी हात वर करून त्याला थांबवलं. छाती भरून श्वास घेतला आणि गाळ्यात रोज देत तशीच हाक दिली.

"हात?"

ट्रेलरवरच्या परक्या माणसांना काही कळलं नाही. ती तशीच वाकलेली राहिली. थोरली वर लटकत होती. मग शिवा खांबापासून सुटला. गर्दीतून पुढे घुसला, ट्रेलरवर चढला, त्या दोघांना त्याने दंडाला धरून मागे ओढलं, आणि आत्मारामरावांकडे बघून ओरडला,

"बाहेर!"

"उतारो," आत्मारामराव क्रेनवाल्याला म्हणाले.